रणातले अन्नदान

युद्ध चालू असताना त्यातल्या जखमींना आणि भुकेल्यांना मदत पोहोचवणे हे निर्विवाद पुण्यकर्म वाटते. प्रत्यक्षात ते आधुनिक काळातल्या अत्यंत बिकट धर्मसंकटांपैकी एक आहे. अन्न, औषध आणि पाणी ज्या वाटेने नागरिकांपर्यंत जाते, त्या वाटेवर बंदूकधारी उभा असतो आणि त्याच्या हाती काही पडल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. कधी तो पैसे मागतो, कधी धान्यातला वाटा, तर कधी फक्त मौन. त्याला जे मिळते त्याच्या बळावर युद्ध आणखी काही काळ रेटले जाते. मग जीव वाचवणाऱ्याच्या माथी युद्धाच्या पापाचा वाटा येतो का? येत असेल तर त्याने मदत थांबवावी का? आणि थांबवली, तर त्यामुळे मरणाऱ्यांचा दोष कोणाकडे जातो?

हे प्रश्न संघटित मदतकार्याइतकेच जुने आहेत. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे फ्रान्स आणि सार्डिनिया यांच्या फौजा ऑस्ट्रियाशी लढल्या. एका दिवसात मृत आणि जखमी मिळून सुमारे ४०,००० सैनिक पडले. जिनिव्हाचे व्यापारी हेन्री ड्युनां अल्जीरियातल्या आपल्या व्यवसायाच्या कामासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनला भेटायला निघाले होते. ते कास्तिल्योने गावात पोहोचले तेव्हा चर्च आणि रस्ते जखमींनी भरले होते आणि गावातल्या बायका कोण कोणत्या बाजूचा हे न पाहता त्यांना पाणी पाजत होत्या. ड्युनां त्या कामात उतरले आणि १८६२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी जिनिव्हात एक समिती उभी राहिली, तीच आजची आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती. २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार झाला आणि जखमी सैनिक व त्याचा वैद्य या दोघांना युद्धाच्या बाहेरचे मानण्याचे वचन राष्ट्रांनी दिले.

या योजनेला त्याच वेळी एक वजनदार विरोध झाला. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या शुश्रूषेसाठी झिजलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना ती पटली नाही. जखमींची काळजी घेणे हे युद्ध पुकारणाऱ्या सरकारचे कर्तव्य आहे, ते स्वयंसेवकांनी उचलले तर सरकारांचा भार हलका होईल आणि युद्ध करणे अधिक सोपे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णसेवेत हयात घालवणाऱ्या स्त्रीने हा आक्षेप घेतला, म्हणून तो निष्ठुरपणाचा ठरवून बाजूला सारता येत नाही.

महात्मा गांधींनी तोच प्रश्न नैतिक अंगाने आणखी टोकाला नेला. बोअर युद्धात १८९९ साली आणि झुलू बंडाच्या वेळी १९०६ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेत भारतीयांची शुश्रूषा पथके उभारली. १९०६ मध्ये त्यांच्या पथकाच्या वाट्याला प्रामुख्याने झुलू जखमी आले. चाबकाच्या माराने चिघळलेल्या त्यांच्या जखमांना हात लावायला गोरे परिचारक तयार नव्हते. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा गांधींनी लंडनमध्ये पुन्हा तसेच पथक जमवले आणि अहिंसावाद्याने युद्धात भाग कसा घेतला, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले. आत्मकथेत त्यांनी दिलेल्या उत्तरात स्वतःला सूट नाही. दरोडेखोरांच्या टोळीचे ओझे वाहणारा, त्यांची राखण करणारा किंवा त्यांच्या जखमा बांधणारा दरोड्याच्या दोषातून सुटत नाही, तसाच युद्धात केवळ जखमींची सेवा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही, असे ते मानतात. तरीही ते गेले. ज्या राज्याच्या आश्रयाने माणूस राहतो त्या राज्याच्या हिंसेत तो आधीच गुंतलेला असतो, आणि युद्ध थांबवण्याची शक्ती नसेल तर त्या गुंत्यातच राहून दुःख हलके करणे हे त्याचे काम उरते, असा त्यांचा विचार होता. नाइटिंगेल यांचा आक्षेप परिणामांचा आहे, गांधींचा सहभागाचा. पुढे मदतकार्यात जी जी संकटे आली, त्यांच्या मुळाशी या दोहोंपैकी एक आक्षेप सापडतो.

शत्रूच्या जखमीला जपण्याचा विचार मात्र युरोपात १८६४ साली जन्मला असे मानण्याचे कारण नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगताना म्हणतात की जखमी शत्रूवर आपल्या राज्यात वैद्यांकडून उपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोहोचवावे. युद्धाआधी दोन्ही पक्षांनी मान्य केलेले नियम त्याच महाकाव्यात एकामागून एक मोडले जातात आणि शेवटी सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांची कत्तल करतो. नियमाची महती आणि नियमाचा पराभव एकाच ग्रंथात शेजारी ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा मोठा आहे. शीख परंपरेत भाई कन्हैया यांची कथा सांगितली जाते. आनंदपूरच्या वेढ्यात ते मोगल सैन्यातल्या जखमींनाही पाणी पाजत असत. तक्रार आली तेव्हा, आपल्याला सर्वांत गुरूच दिसतो, असे त्यांनी गुरू गोविंदसिंगांना सांगितले आणि गुरूंनी त्यांना जखमांवर लावायला मलमही दिले. या दोन्ही उदाहरणांत मदत करणारा एका पक्षाचाच आहे. तो आपल्या पक्षात राहून शत्रूकडे माणूस म्हणून पाहतो. कुठल्याच पक्षाचा नसलेला आणि सर्वांच्या परवानगीने रणात वावरणारा मदतनीस ही कल्पना मात्र आधुनिक आहे.

त्या कल्पनेचे सूत्र रेडक्रॉस चळवळीने १९६५ साली व्हिएन्नात स्वीकारलेल्या सात तत्त्वांत आहे. त्यांपैकी माणुसकी, समभाव, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वे सगळ्याच मदतसंस्थांनी कमी-अधिक प्रमाणात आपली मानली आहेत. समभाव आणि तटस्थता यांची गल्लत वारंवार होते आणि बराच नैतिक गोंधळ तिथूनच सुरू होतो. समभाव म्हणजे ज्याची गरज मोठी त्याला आधी, मग तो कोणत्याही जातीचा, धर्माचा, पक्षाचा असो. हे तत्त्व दुःख भोगणाऱ्याबद्दल आहे. तटस्थता म्हणजे लढणाऱ्यांच्या वादात बाजू न घेणे, आणि हे तत्त्व दुःख देणाऱ्यांशी कसे वागायचे याबद्दल आहे. पहिले साध्य आहे, दुसरे साधन. दोन्ही बाजूंचा विश्वास मिळाला तरच दोन्ही बाजूंच्या जखमींपर्यंत जाता येते, म्हणून तटस्थ राहायचे. साधन साध्याच्याच आड आले तर काय करायचे, याचे उत्तर त्या सात तत्त्वांत मिळत नाही.

बाजू घेऊन केलेली सेवाही खोटी नसते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जपानच्या आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनमध्ये गेले. राष्ट्रीय काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, तिथल्या एका रुग्णालयाचे प्रमुख झाले, कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. हे पथक गेलेच होते आक्रमण झालेल्या राष्ट्राच्या पाठीशी उभे राहायला, आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण अशा डॉक्टराला समोरच्या बाजूचा जखमी सहसा गाठता येत नाही आणि समोरची फौज त्याला सैनिकच समजते. तटस्थता जी किंमत मागते ती नाकारली, तर तिच्यामुळे उघडणारे दारही बंद होते.

ती किंमत कधीकधी फार मोठी असते. १४ ऑक्टोबर १९४२ रोजी जिनिव्हात रेडक्रॉस समितीची बैठक झाली. नाझी राजवट ज्यूंना हद्दपार करून ठार मारत असल्याच्या बातम्या समितीपर्यंत आल्या होत्या आणि नागरिकांवरील अत्याचारांविषयी जाहीर आवाहनाचा मसुदा तयार होता. बऱ्याच सदस्यांचा कल आवाहनाच्या बाजूने होता, तरीही ते न काढण्याचा निर्णय झाला. युद्धकैद्यांच्या छावण्यांत जाण्याची मुभा हातची जाईल ही भीती त्यामागे होती, तशीच स्वित्झर्लंडच्या सरकारची जर्मनीबद्दलची धास्तीही. कैद्यांना भेटी आणि पार्सले मिळत राहिली, लाखो ज्यूंसाठी एक शब्दही उच्चारला गेला नाही. आवाहनाने हिटलर थांबला असता असे म्हणता येत नाही. तरी काही प्रसंगी बोलणे हे परिणामासाठी नसते. जे घडते आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारणे हे मरणाऱ्यांचे देणे असते, आणि समितीने ते बुडवले. तो आपला मोठा नैतिक पराभव होता असे समितीनेही पुढे मान्य केले.

मौनाविरुद्धचे बंड नायजेरियात झाले. १९६७ ते १९७० या काळात फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताची नायजेरियन सरकारने नाकेबंदी केली आणि पोट फुगलेल्या, केस तांबूस पडलेल्या मुलांची छायाचित्रे जगभर गेली. रेडक्रॉसबरोबर काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांनी मौनाचा नियम मोडला. त्यांतल्या काहींनी पत्रकारांच्या साथीने डिसेंबर १९७१ मध्ये 'मेदसां सां फ्रोंतियेर' म्हणजे सीमा न मानणाऱ्या डॉक्टरांची संस्था स्थापन केली. उपचार करायचे आणि पाहिलेले सांगायचेही, ही तिची भूमिका. पण बियाफ्रातला प्रसंग त्या डॉक्टरांना वाटला तितका सरळ नव्हता. बियाफ्राचे नेते ओजुक्वू यांनी सरकारी देखरेखीखालचा जमिनीवरचा मार्ग नाकारला. उली येथील धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात मदतीची विमाने उतरत त्याच वेळी शस्त्रांचीही उतरत, आणि मदतीच्या विमानांच्या गर्दीचा शस्त्रांना आडोसा मिळे. भुकेल्या मुलांची चित्रे हा बियाफ्राच्या बाजूने चाललेल्या प्रचाराचा मुख्य आधार होता आणि त्यासाठी जिनिव्हातली एक जनसंपर्क संस्था काम करत होती. ५ जून १९६९ रोजी नायजेरियाच्या हवाई दलाने रेडक्रॉसचे एक विमान पाडले. चर्चच्या संघटनांनी चालवलेल्या उड्डाणांनी असंख्य मुले वाचवली, यात शंका नाही. या उड्डाणांमुळे हरलेले युद्ध लांबले आणि त्या लांबणीत आणखी मुले मेली, असेही अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. म्हणजे बोलणारासुद्धा वापरला जाऊ शकतो.

इथिओपियात १९८५ साली हे अधिक उघडपणे दिसले. दुष्काळाच्या मदतीसाठी जगभरातून पैसा आला. मेंगिस्तूच्या सरकारने उत्तरेतल्या बंडखोर भागातली माणसे दक्षिणेत हलवण्यासाठी त्याच धान्याचे आमिष दाखवले आणि बळजबरीने लाखो लोकांचे स्थलांतर घडवले. फ्रेंच डॉक्टरांच्या संस्थेने ते जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आले. बहुतेक संस्था गप्प राहिल्या आणि कामावर राहिल्या. गेलेल्यांच्या दवाखान्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न राहिलेल्यांनी विचारला. धान्याच्या गाड्यांमागून चालत येणाऱ्या बळजबरीचे काय, हा प्रश्न गेलेल्यांनी.

सगळे प्रश्न एकदम अंगावर आले ते गोमा येथे. एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत रवांडात सुमारे आठ लाख माणसे, मुख्यतः तुत्सी जमातीची, मारली गेली. वंशसंहार करणाऱ्या हुतू सरकारचा बंडखोर सैन्याने पराभव केला तेव्हा जुलैच्या मध्याला त्या सरकारने आपली प्रजा बरोबर घेऊन सीमा ओलांडली. काही दिवसांत आठ-दहा लाख हुतू माणसे झाईरमधल्या गोमा शहरात आणि त्याच्या आसपास आली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची, इतकी कठीण की शौचाचे खड्डेही खणता येत नव्हते आणि थडगीही. किवू सरोवराचे दूषित पाणी पिऊन पटकी पसरली आणि पहिल्या महिनाभरात पटकी व हगवणीने सुमारे ५०,००० माणसे दगावली. जगभरच्या संस्था धावून आल्या, स्वच्छ पाण्याचे टँकर आले, तंबू आले आणि मृत्यूचा दर झपाट्याने उतरला. निव्वळ वैद्यकीय कसोटीवर पाहिले तर हे मोठे यश होते.

पण किबुंबा, काताले आणि मुगुंगा इथल्या छावण्या म्हणजे पळून आलेले राज्यच होते. माणसे आपापल्या गावानुसार आणि जिल्ह्यानुसार वसली, आणि त्यांच्यावर तेच मेयर, तेच अधिकारी, ज्यांच्यापैकी अनेकांनी काही आठवड्यांपूर्वी कत्तलीचे हुकूम दिले होते. दहा लाख माणसांना रोज खाऊ घालायचे तर वाटपासाठी स्थानिक रचना लागते, आणि हाताशी असलेली रचना हीच होती. संस्थांनी धान्य तिच्या हवाली केले. पुढाऱ्यांनी माणसांचे आकडे फुगवून सांगितले, जादा धान्य विकले, आपल्या माणसांना अधिक दिले आणि नावडत्यांना उपाशी ठेवले. जुने सैन्य आणि कत्तल करणाऱ्या इंटरहाम्वे टोळ्या छावण्यांत राहून पुन्हा उभ्या राहिल्या, कवायती करू लागल्या आणि सीमेपलीकडे जाऊन वाचलेल्या तुत्सींना मारू लागल्या. घरी परतण्याची भाषा करणाऱ्यांना छावणीतच ठार केले जाई. निर्वासितांचा आकडा हेच या पुढाऱ्यांचे भांडवल होते, कारण जितकी माणसे ताब्यात, तितके धान्य आणि तितके राजकीय वजन. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी सशस्त्र लोकांना सामान्य निर्वासितांपासून वेगळे काढण्याचा आग्रह धरला. त्यासाठी सैन्य हवे होते आणि ते द्यायला राष्ट्रे पुढे आली नाहीत. शेवटी १९९५ च्या सुरुवातीला झाईरचेच सुमारे १,५०० सैनिक पैसे देऊन बंदोबस्ताला नेमावे लागले.

नोव्हेंबर १९९४ मध्ये 'मेदसां सां फ्रोंतियेर'ची फ्रेंच शाखा छावण्या सोडून गेली. त्याच संस्थेच्या बेल्जियन आणि डच शाखा राहिल्या, आतून सुधारणा करू असे म्हणत, आणि पुढच्या वर्षी त्यांनीही काढता पाय घेतला. एकाच व्रताचे, एकाच छावणीत काम केलेले लोक तीच माहिती समोर ठेवून दोन विरुद्ध निर्णयांना पोहोचले, यावरून प्रश्नाची खोली कळते. निघून गेलेल्यांचे म्हणणे असे, की वंशसंहार करणाऱ्यांना पोसणे हा मदतीचा दुष्परिणाम उरलेला नाही, मदतच त्यांची व्यवस्था बनली आहे. राहिलेल्यांचे उत्तर असे, की छावणीतल्या बहुसंख्य बायका-मुलांनी कोणाला मारलेले नाही, आणि शेजारच्या तंबूत खुनी राहतो म्हणून तापाने फणफणलेल्या मुलाला औषध नाकारता येत नाही.

भारतीय विचारात या पेचाला एक जुनी चौकट आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहण्यास सांगितले आहे. गोमामध्ये पात्र एकच नव्हते. आई आणि खुनी एकाच रांगेत उभे होते, आणि आईच्या वाट्याचे धान्य तिच्यापर्यंत खुन्याच्या हातून जात होते. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे गीतावचन अशा वेळी परिणामांकडे डोळेझाक करायला वापरले जाते. तो उपयोग चुकीचा आहे. अठराव्या अध्यायात तीच गीता सांगते की पुढे काय होईल, काय नाश होईल, कोणाची हिंसा होईल याचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस होय. फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि फळाचा विचार सोडणे वेगळे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला नीतीची कसोटी मानले. ती कसोटी लावली तरी संस्था सुटत नाहीत, कारण शुद्ध बुद्धीला आपण काय करतो आहोत हे जाणून घेण्याची जबाबदारी टाळता येत नाही. जुलैमध्ये अज्ञान खरे होते. नोव्हेंबरमध्ये छावणीत काय चालले आहे हे सर्वांना ठाऊक होते.

ख्रिस्ती नीतिशास्त्रात याच जागी संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेला दुहेरी परिणामाचा विचार येतो. चांगल्या हेतूने केलेल्या चांगल्या कृतीतून वाईटही उद्भवणार हे दिसत असेल, तर ते वाईट हेतूत नसावे, वाइटातूनच चांगले साधलेले नसावे, आणि ते चांगल्याच्या मानाने बेसुमार नसावे. हा विचार बारकाईने लावला तर गोमाच्या पहिल्या आठवड्यांतले पाणी आणि औषध उघडपणे समर्थनीय ठरते. चार महिन्यांनंतर पुढाऱ्यांच्या हाती दिलेले धान्य तसे ठरत नाही, कारण तोवर वाईट हे चांगल्याचे माध्यम बनले होते. खुन्याच्या सत्तेवाचून वाटपच होत नव्हते. म्हणजे एकाच छावणीत, एकाच संस्थेच्या दोन कामांचे नैतिक मोल वेगळे निघू शकते. मदत चालू ठेवावी की थांबवावी असा ढोबळ सवाल करण्यात मुळातच चूक आहे. कोणती मदत, कोणाच्या हातून, कशाच्या बदल्यात आणि किती दिवस, हे विचारावे लागते.

निघून जाण्याने हात स्वच्छ होतात, हा समजही तपासला पाहिजे. १९९६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रवांडाचे सैन्य आणि त्याच्या पाठिंब्याचे झाईरी बंडखोर यांनी छावण्यांवर हल्ले केले. लाखो निर्वासित रवांडात परतले आणि लाखो पश्चिमेकडे जंगलात पळाले. जंगलात त्यांचा पाठलाग झाला आणि मोठ्या संख्येने त्यांना मारण्यात आले. या हत्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या २०१० सालच्या अहवालात आहे. मदतपथके जंगलात निर्वासितांना शोधत जात आणि त्यांच्या मागोमाग मारेकरी पोहोचत. विखुरलेल्या, उपाशी माणसांना मदतीच्या आशेने रस्त्यावर यायला लावणारे आमिष आपणच झालो, हे डॉक्टरांना उमगले. छावणीत धान्य मारेकऱ्यांना पोसत होते, जंगलात ते बळींना मारेकऱ्यांपुढे आणत होते. शंभर दिवस कत्तल चालू असताना ती न रोखणारी आणि नंतर छावण्यांतून सशस्त्र लोक वेगळे काढायला सैनिक न देणारी राष्ट्रे मात्र मदतीसाठी पैसे देत राहिली. नाइटिंगेल यांच्या आक्षेपाचे इतके भीषण प्रत्यंतर क्वचितच आले असेल. दोषाची वाटणी करायची तर पहिला वाटा बंदूक चालवणाऱ्याचा, दुसरा रोखण्याची शक्ती असून न रोखणाऱ्याचा, आणि त्यानंतर कुठेतरी धान्य वाटणाऱ्याचा. हा क्रम उलटा लावण्याची सवय सार्वजनिक चर्चेला जडली आहे, आणि ती अन्यायकारक आहे.

गोमाच्या अनुभवानंतर मदतीने इजा तरी होऊ नये, हे सूत्र संस्थांनी स्वीकारले. अमेरिकन अभ्यासक मेरी अँडरसन यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाने ते रूढ केले. वैद्याला हे तत्त्व नवे नाही. व्यवहारात त्याचा अर्थ बारीकसारीक निर्णयांत दिसतो. शिधा पुढाऱ्याच्या हाती न देता थेट घरातल्या बाईच्या हाती देणे, माणसांची मोजणी स्वतः करणे, लुटून विकायला कमी भाव येईल असे धान्य निवडणे. सोमालियात १९९२ साली रेडक्रॉसने सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडली. पोत्यातले धान्य टोळ्या पळवत, शिजवलेले अन्न साठवता येत नाही आणि बाजारात विकता येत नाही. अशा शेकडो स्वयंपाकघरांतून दहा लाखांहून अधिक माणसे जेवली. त्याच सोमालियात आपल्या ताफ्यांच्या रक्षणासाठी रेडक्रॉसला शस्त्रधारी भाड्याने घ्यावे लागले, म्हणजे ज्यांच्यापासून रक्षण हवे त्यांच्याच भाऊबंदांना पगार द्यावा लागला. तत्त्व आणि तडजोड एकाच अंगणात नांदत होती.

या सगळ्यात कायद्याचे बळ किती? १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी रुग्णालयांना संरक्षण दिले आणि १९७७ च्या पूरक करारांनी नागरिकांना उपाशी मारणे हे युद्धाचे साधन म्हणून निषिद्ध ठरवले. पण मदत आत येऊ देण्यासाठी संमती लागते ती बहुधा वेढा घालणाऱ्याचीच. सीरियात पूर्व घूताला वेढा पडलेला असताना मार्च २०१८ मध्ये गेलेल्या एका ताफ्यातले सुमारे ७० टक्के वैद्यकीय साहित्य सरकारी तपासणीत उतरवून घेण्यात आले. त्यात शस्त्रक्रियेचे सामानही होते. पीठ जाऊ द्यायचे आणि टाके घालण्याचे सामान अडवायचे, यातला हिशेब कोणालाही कळतो. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदुझच्या रुग्णालयावर अमेरिकन विमानाने हल्ला केला. रुग्णालयाचे नेमके स्थान आधीच कळवलेले होते. ४२ माणसे मेली. दहशतवादविरोधी कायद्यांनी आणखी एक कोंडी केली. सोमालियात २०११ च्या दुष्काळात सर्वाधिक भुकेले लोक अल-शबाबच्या ताब्यातल्या भागांत होते, आणि त्या संघटनेच्या हाती मदतीतले काही गेले तर खटला होईल या भीतीने मदत आटली. मदत रोखण्यात अल-शबाबही मागे नव्हती. अडीच लाखांच्या आसपास माणसे मेली. सुरक्षा परिषदेने आपल्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सर्वसाधारण सूट दिली ती डिसेंबर २०२२ मध्ये.

मदत करणाऱ्यांनाच मारणे आता अपवाद राहिलेले नाही. १७ डिसेंबर १९९६ रोजी चेचन्यात नोव्हये अतागी येथील रेडक्रॉसच्या रुग्णालयात झोपेत असलेल्या सहा कर्मचाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला आणि तिथले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्यासह २२ जण गेले. २०२४ साली जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले, त्यांतले सर्वाधिक गाझात. त्यांच्यापैकी बहुतेक त्या त्या देशातलेच होते. परदेशी कर्मचाऱ्याला विमानाने बाहेर काढता येते, स्थानिकाला त्याच गल्लीत राहायचे असते. तटस्थतेची सगळी चर्चा बाहेरून येणाऱ्याला गृहीत धरून झाली आहे आणि तिच्यातली ही उणीव गंभीर आहे. ज्याचे घर जळाले, ज्याचा भाऊ मारला गेला, त्याने मनातून कोणाचीही बाजू घेऊ नये अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्या तत्त्वाला आहे? समभावाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून करता येते, आणि अनेक जण ती पुरी करतात.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले तेव्हा बहुतेक परदेशी संस्था खार्तूममधून निघून गेल्या. मोहल्ल्यांतल्या तरुणांनी आपत्कालीन कक्ष उभारले. त्यांची मुळे २०१९ च्या लोकआंदोलनातल्या मोहल्ला समित्यांत होती, म्हणजे राजकारणापासून अलिप्त अशी ही मंडळी कधीच नव्हती. त्यांनी चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरांना तिथे 'तकाया' म्हणतात. सूफी दर्ग्यांत वाटसरूला आणि गरिबाला जेवू घालण्याची जुनी रीत त्यामागे आहे. अन्न शिजते ते येणाऱ्या प्रत्येकासाठी. पैसा मोठ्या प्रमाणात परदेशातल्या सुदानी लोकांकडून येतो, काही परदेशी निधीतून. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा शेकडो स्वयंपाकघरांच्या चुली विझल्या. ज्या भागाचा ताबा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे आधीच्या ताबेदारांच्या काळात स्वयंपाक केला म्हणून स्वयंसेवकांना फितूर ठरवले जाते. दोन्ही पक्षांनी त्यांना पकडले आहे, छळले आहे आणि मारले आहे. कोणत्याही करारातले चिन्ह त्यांच्या अंगावर नाही आणि त्यांच्या कक्षांना जिनिव्हाचे नेमके संरक्षण कसे लागू करायचे, हे अजून ठरायचे आहे.